इंगल्स कुटुंबाची हकीकत : आठवण आणि नोंद

विद्यार्थिमित्रहो, राजांचे व सेनापतींचे इतिहास आपण शाळेंत शिकतों. परंतु ज्याच्या नांवावर एकही लढाई नाहीं अशा साध्या गृहस्थाच्या घराण्यासही इतिहास असतो, आणि तो नीट तपासून पाहिल्यास त्यापासून पुष्कळ बोध होतो. म्हणून आम्ही आज अमेरिकेंतील चार्ल्स इंगल्स ह्या वसाहतवाल्याच्या कुटुंबाची हकीकत आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

चार्ल्स ह्यांचा जन्म १८३६ सालीं न्यूयॉर्क संस्थानांत झाला. १८६० सालीं विस्कॉन्सिन संस्थानांत कॅरोलाइन क्वाइनर ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. त्यांना मेरी (१८६५), लॉरा (१८६७), कॅरी (१८७०) व ग्रेस (१८७७) अशा चार कन्या झाल्या. एकुलता पुत्र फ्रेडरिक १८७५ सालीं जन्मला व वर्षाचा होण्यापूर्वींच वारला.

१८६२ च्या होमस्टेड कायद्यानें, सरकारी जमिनीवर पांच वर्षें राहून ती कसणाऱ्या कुटुंबप्रमुखास १६० एकर जमीन थोडीशी फी भरून मिळूं लागली. ह्या आशेनें हजारों कुटुंबें पश्चिमेकडे निघालीं. इंगल्स दांपत्यानेंही कापडी छताच्या गाडींत संसार भरला. १८७४ सालीं तीं मिनेसोटांत गेलीं. तेथें टोळधाडीनें उभें पीक फस्त केलें. १८७६ सालीं आयोवांत जाऊन खाणावळींत काम करण्याची पाळी आली. १८७९ सालीं मेरीची दृष्टि आजारानें कायमची गेली, आणि त्याच वर्षीं कुटुंब डाकोटा प्रांतांत गेलें. तेथें १८८०-८१ च्या हिंवाळ्यांत बर्फामुळें आगगाड्या महिनोगणती बंद पडल्या. तेव्हां वाळलेल्या गवताचे पीळ जाळून ऊब घ्यावी व कॉफीच्या हातयंत्रांत गहूं दळून भाकरी करावी, असे दिवस त्यांनीं काढले. अखेर १८८६ सालीं, वयाच्या पन्नाशींत, डी स्मेट गांवाजवळची जमीन चार्ल्स ह्यांच्या नांवें कायम झाली. १९०२ सालीं त्याच गांवीं त्यांचा अंत झाला.

इतकी हकीकत वाचून कोणासही ह्या कष्टाळू कुटुंबाविषयीं आदर वाटेल, आणि तो योग्यच आहे. परंतु तिच्यांतील एक प्रकरण आम्हीं मुद्दाम मागें ठेविलें आहे.

१८६९ सालीं हें कुटुंब प्रथम कॅन्ससमध्यें गेलें होतें. ह्या प्रवासावर लॉराबाईंनीं १९३५ सालीं 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. आपलें घर इंडिपेंडन्स गांवापासून चाळीस मैल दूर होतें, आणि सरकार वसाहतवाल्यांना हांकून देणार म्हणून वडिलांनीं तें सोडलें, असें त्यांत आहे. परंतु कॅन्ससमध्यें असतांना लॉराबाई दोन ते चार वर्षांच्या होत्या. म्हणजे त्यांनीं लिहिलें तें बहुतांशीं आईबापांच्या तोंडून ऐकलेलें होतें.

अमेरिकन घरांत पवित्र शास्त्राच्या ग्रंथांत जन्म, विवाह व मृत्यु टिपून ठेवण्याची चाल होती. इंगल्स कुटुंबाच्या ग्रंथांत कॅरीचा जन्म ऑगस्ट १८७० मध्यें कॅन्ससच्या माँटगमेरी परगण्यांत झाल्याची नोंद आहे. त्याच वर्षाच्या खानेसुमारींतही हें कुटुंब त्याच परगण्यांत आढळतें. ह्या दोन नोंदींवरून संशोधकांनीं घराची जागा शोधली. ती इंडिपेंडन्सपासून सुमारें तेराच मैलांवर निघाली.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, ती जमीन ओसेज नांवाच्या मूळ रहिवाशांची राखीव भूमि होती. तेथें घर बांधण्याचा हक्क इंगल्सांना नव्हता. तसे हजारों लोक तेथें घुसले होते. १८७० च्या जुलैमध्यें अमेरिकन काँग्रेसनें कायदा केला. त्यान्वयें ओसेज लोकांस आपली भूमि सोडून इंडियन टेरिटरींत जावें लागलें आणि ती वसाहतवाल्यांस एकरीं सव्वा डॉलरनें विकण्याचें ठरलें. म्हणजे निकाल वसाहतवाल्यांच्याच बाजूचा होता! इंगल्स कुटुंब १८७१ सालीं परतलें, कारण त्यांचें विस्कॉन्सिनचें घर घेणाऱ्यास त्याची किंमत फेडतां आली नाहीं. आठवणींत हें कुटुंब घर गमावणारें ठरलें. नोंदींत पाहिलें तर घर गमावणारे ओसेज होते.

लॉराबाईंच्या पुस्तकांत त्या मुलुखांत माणसें नव्हतीं, केवळ इंडियन होते, अशा अर्थाचें एक वाक्य होतें. १९५२ सालीं एका वाचकानें त्यावर हरकत घेतली. तेव्हां पंचाऐंशी वर्षांच्या लॉराबाईंनीं आपली चूक कबूल केली, आणि १९५३ च्या आवृत्तींत 'माणसें' ह्या शब्दाऐवजीं 'वसाहतवाले' असा शब्द आला. एवढ्या वयांत व एवढ्या कीर्तींत एक शब्द मागें घेणें ही लहान गोष्ट नव्हे.

चार बहिणींपैकीं केवळ लॉराबाईंना अपत्य होतें. त्यांची कन्या रोझ १९६८ सालीं निपुत्रिक वारली, आणि चार्ल्स इंगल्सांचा वंश संपला. उरलें तें लिहिलेलें.

तेव्हां विद्यार्थ्यांनों, आपल्या आजीआजोबांजवळ बसून घराण्याची हकीकत अवश्य लिहून घ्या; पालकांनींही त्यांस घरचे कागद दाखवावे. मात्र ऐकलेली गोष्ट जन्ममृत्यूच्या नोंदीशीं व जुन्या दस्तऐवजांशीं ताडून पाहा. आणि आपले पूर्वज जेथें वसले, तेथें त्यांच्या आधीं कोण होतें, हाही प्रश्न विचारण्यास विसरूं नका. त्यानें पूर्वजांचा मान कमी होत नाहीं; इतिहास मात्र खरा होतो.