तिकिटावरची वेळ कशाची?

आज बचतीचं नाही, हप्त्याचंही नाही, सहलीचं बोलू या. सहल ठरली की आपण गाडी, जेवण आणि मुक्कामावर तासभर भांडतो. तिकिटाचं मात्र 'तिथे गेल्यावर बघू' म्हणून सोडून देतो. हल्ली तसं चालत नाही. हे मी आग्र्याला जाऊन शिकले, तेही दुसऱ्यांच्या पैशावर.

आमच्या गटातल्या चौदा जणींनी दीड वर्ष दरमहा दोनशे रुपये वेगळे टाकले आणि नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही ताजमहाल बघायला निघालो. तिकिटं मोबाईलवर मीच काढली. भारतीयांना माणशी पन्नास रुपये, आणि त्याखाली आणखी दोनशेंचं एक वेगळं तिकीट दिसत होतं. मला वाटलं, गाईडचे वगैरे असतील. नको म्हटलं. गटाचे दोन हजार आठशे वाचवले म्हणून मी खूशही झाले.

दुपारी दोनला आमची गाडी शिल्पग्रामच्या वाहनतळावर थांबली. ताजच्या जवळ धुराच्या गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे तिथून बॅटरीवरच्या गाडीने पूर्वेच्या दरवाजाशी जायचं. मग तपासणीची रांग. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. प्रत्येकीची झडती, प्रत्येकीची पर्स उघडून बघणार. आमच्यातल्या तिघींकडे चिवड्याचे डबे होते. खाण्याचे पदार्थ आत नेता येत नाहीत, म्हणून त्यांना परत फिरावं लागलं. आत पोचायला तीन वाजून गेले. बागेतून चालत, फोटो काढत पांढऱ्या चबुतऱ्याच्या पायऱ्यांशी आलो, तर तिथल्या माणसाने तिकीट पाहून हात आडवा केला. वर जायला, म्हणजे घुमटाखाली कबरींपर्यंत जायला, ते दोनशेंचं तिकीट लागतं. आमच्यातल्या एक काकू अडुसष्ट वर्षांच्या आहेत. पायऱ्यांकडे बघत त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे देवळात येऊन गाभारा नाही."

बाहेर जाऊन नवीन तिकीट, पुन्हा झडती, पुन्हा चालत इथवर, एवढा वेळच उरला नव्हता. ताजमहाल सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बंद होतो. नोव्हेंबरच्या शेवटी तिकडे साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. तिकिटाला तीन तासांची मुदत असते, ते मी वाचलं होतं. पण दुपारी तीनला आत गेलेल्याला ते तीन तास मिळणारच नाहीत, हा साधा हिशोब मी केला नव्हता. रोज गटाचं व्याज काढणारी मी!

घरी आल्यावर मी हे सगळं नीट समजून घेतलं. आपल्या गिरणीचंच उदाहरण घ्या. दळणाचा डबा रांगेत ठेवून आपण घरी येतो. डबा आपला नंबर धरून ठेवतो, आपल्याला तिथे उभं राहावं लागत नाही. वेळ घातलेलं तिकीट म्हणजे असा ठेवलेला डबाच. पण डबा ठेवला म्हणजे पीठ लगेच हातात पडत नाही, आणि फार उशिरा गेलं तर आपला नंबर निघून गेलेला असतो. तिकिटावरची वेळ ही आपल्याला रांगेत घेण्याची वेळ असते. तिरुपतीला तीनशे रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन ज्यांनी घेतलंय त्यांना हे माहीत आहे. तिकिटावरची वेळ हजर होण्याची, देव दिसायला त्यानंतर आणखी वेळ लागतो.

मग तीन तासांची मुदत कशाला? समजा, तासाला हजार माणसं आत येतात. प्रत्येक जण तीन तास थांबला तर एका वेळी आत तीन हजार माणसं असतात. तेच पाच तास थांबले तर पाच हजार. दारातून येणारे तेवढेच, पण आतली गर्दी दीडपटीहून जास्त. म्हणून नुसतं दार आवळून भागत नाही, आतला मुक्कामही मोजावा लागतो. ताजमध्ये ही मुदत एप्रिल २०१८ पासून आली. त्याच वर्षी १० डिसेंबरपासून दोनशेंचं तिकीट सुरू झालं, कारण बाग कितीही मोठी असली तरी घुमटाखालची जागा लहान, आणि तिथे रेटारेटी होत होती. ताजला किती गर्दी झेपेल याचा अभ्यास आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेकडून करून घेतलेला होता. पैसे लावले की वर जाणारे आपोआप कमी होतात. हा उपाय गरिबाला आधी खाली थांबवतो, हे मला पटत नाही. पण पंधरा वर्षांखालच्या मुलांना पैसे पडत नाहीत, एवढं बरं आहे.

करोनानंतर २१ सप्टेंबर २०२० ला ताज उघडला तेव्हा तर दिवसाला पाच हजारच माणसं, तीही दोन पाळ्यांत, आणि तिकीट फक्त ऑनलाइन असं होतं. मोबाईलवर आधी तिकीट काढायची सवय तेव्हापासून पक्की झाली.

रात्रीचा ताज म्हणजे आपली पंगत. पौर्णिमेची रात्र, तिच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन, अशा पाच रात्री. शुक्रवार आणि रमजानचा महिना सोडून. साडेआठ ते साडेबारा, दर अर्ध्या तासाला पन्नास माणसं, अशा आठ पंगती. एक उठल्याशिवाय दुसरी बसत नाही, आणि चारशेच्या वर एकही पान वाढत नाहीत. हे तिकीट आधीच काढावं लागतं, आणि तेव्हा ताज मुख्य दरवाजाजवळच्या लाल दगडाच्या ओट्यावरून, लांबूनच बघायचा.

तेव्हा पुढच्या सहलीला मी काय करणार आहे? शुक्रवार टाळणार, त्या दिवशी ताज बंद असतो. सकाळची वेळ घेणार, म्हणजे तीन तास पूर्ण हाती राहतील आणि ऊनही कमी लागेल. वाहनतळापासून आत पोचायला एक तास धरणार. डबे, चार्जर, मोठ्या पिशव्या मुक्कामावर, प्रत्येकीचं आधार कार्ड तिच्या स्वतःच्या पर्समध्ये. गटाचं मिळून एकच तिकीट माझ्या मोबाईलवर ठेवायचं नाही, त्याची छापील प्रत आणखी दोघींकडे देणार. मागच्या वेळी माझा मोबाईल दारातच बंद पडत होता, चौदा जणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आणि पैसे भरण्याआधी, कुठे कुठे जाता येईल आणि कुठे नाही, हे बैठकीत वाचून दाखवायचं. दोनशे द्यायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, मी नाही.

काकूंनी या महिन्यापासून पुन्हा दोनशे रुपये टाकायला सुरुवात केली आहे. पावती घेताना त्यांनी मला बजावलं, या खेपेला तिकीट निघालं की पहिल्यांदा त्यांच्यापुढे मोठ्याने वाचायचं, शेवटच्या ओळीपर्यंत.