तालमीच्या खोलीत जागा आहे

हौशी नाट्यसंस्थेत यायचंय, असं म्हणणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ऑडिशन कधी आहे? अभिनयाची ओढ ही चांगलीच गोष्ट आहे, पण ती घेऊन येणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. भूमिका मागणारे प्रत्येक संस्थेत पुष्कळ असतात. लाइट ऑपरेट करायला, सेट लावायला, प्रॉपर्टी सांभाळायला, नाट्यगृहाची तारीख मिळवायला आणि सेन्सॉरचे कागद हलवायला मात्र माणूस शोधत फिरावं लागतं. म्हणून नव्या माणसाने आधी जबाबदारी मागावी. संस्थेची गरज भागते हा त्यातला लहान फायदा झाला. मोठा फायदा असा, की नाटक कसं बांधलं जातं ते त्याला मुळापासून कळतं.

मराठी रंगभूमीने काही मोठी वळणं पोटापाण्याचे दुसरे उद्योग सांभाळून संध्याकाळी तालमीला जमणाऱ्या माणसांमुळे घेतली आहेत. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने, म्हणजे भालबा केळकरांच्या पीडीएने, १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शक जब्बार पटेल आणि नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे हे दोघेही डॉक्टर. त्याआधी डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन असतानाच पीडीएत नाटकं करत होते. ‘घाशीराम’चं कौतुक करताना नाना आणि घाशीराम या दोन पात्रांबद्दल सगळे बोलतात. पण त्या नाटकाचा कणा म्हणजे गाणारी, डोलणारी, क्षणात भिंत होणारी आणि क्षणात फुटणारी ब्राह्मणांची रांग. त्या रांगेतल्या नटांना लांबलचक स्वगतं नव्हती. रोजच्या तालमीची शिस्त होती, शेजाऱ्याच्या श्वासाचं भान होतं. संस्था म्हणजे काय असते, हे मला त्या रांगेइतकं दुसरं कशातच स्पष्ट दिसत नाही.

आत शिरण्याच्या वाटा आज किती आहेत, ते पाहू. सर्वांत रुंद वाट राज्य नाट्यस्पर्धेची. ही स्पर्धा १९५४ पासून चालत आली आहे आणि आता तिचं आयोजन राज्य शासनाचं सांस्कृतिक कार्य संचालनालय करतं. साधारण नोव्हेंबरमध्ये वेगवेगळ्या केंद्रांवर प्राथमिक फेरी सुरू होते आणि त्या-त्या शहरातल्या नाट्यगृहात रोज संध्याकाळी एक नवं नाटक उभं राहतं. हौशी मराठी नाटकांबरोबर हिंदी, संगीत, संस्कृत आणि बालनाट्याचेही विभाग असतात. दिग्दर्शन आणि अभिनयासोबत नेपथ्य, प्रकाशयोजना आणि रंगभूषेलाही पारितोषिकं असतात, म्हणजे पडद्यामागच्या कामाची दखल शासनाच्या नियमांतच घेतलेली आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्या संस्था खरोखर जिवंत आहेत, हे पाहायला याहून चांगली जागा नाही. नाटक संपल्यावर विंगेत जावं, सेट उतरवायला हात लावावा. त्या रात्री झालेली ओळख पक्की होते.

कॉलेजात असणाऱ्यांसाठी एकांकिका स्पर्धा आहेतच. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक भरवते. ‘अरे, आव्वाज कुणाचा’ ही आरोळी सगळ्यांना माहीत असते. त्या स्पर्धेची एक अट मला फार मोलाची वाटते: नेपथ्य असो की प्रकाशयोजना, सगळं विद्यार्थ्यांनी स्वतः करायचं. बाहेरून तयार माणूस आणता येत नाही. त्यामुळे भूमिका न मिळालेली मुलंही सुताराचा पटाशी-हातोडा हातात घेतात, फ्लॅटला कापड ताणून बसवतात, रंग कालवतात. त्यांच्यातूनच पुढे संस्थांना तंत्रज्ञ मिळाले. मुंबईत प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वरात्री चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ रंगते. वर्षभरातल्या विजेत्या एकांकिका एका रात्रीत सलग बघणं हे स्वतंत्र शिक्षण आहे.

नोकरीत असणाऱ्यांसाठी महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा आहेत, महावितरणसारख्या आस्थापनांच्या अंतर्गत स्पर्धाही होतात. गोव्यात तर जत्रेला आणि देवळाच्या उत्सवाला गावकऱ्यांनीच नाटक बसवण्याची रीत आहे, आणि कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा गावोगावच्या मंडळांना वर्षभर कामाला लावते. कोकणातल्या वाड्यांमध्ये गणपती-शिमग्याला होणाऱ्या नाटकाला ऑडिशन नसते. वाडीत राहता, म्हणजे तुम्ही त्यात आहात.

आता विंगेत थोडा वेळ थांबू. प्रयोगाच्या आधी प्रॉपर्टीचं टेबल लागतं. टेबलावर पांढरा कागद पसरून वस्तूंच्या जागा पेनाने आखलेल्या असतात: चष्मा, पत्र, काठी, चहाचे दोन कप, फुटणारा तिसरा कप वेगळा. वस्तू रंगमंचावर गेली की तिची जागा रिकामी दिसते आणि विंगेत परत आली की त्याच चौकोनात ठेवायची. पहिल्या अंकात टेबलावरून उचललेलं पत्र दुसऱ्या अंकात नटाच्या खिशात हवं असेल, तर मध्यंतरात ते त्याच्या कोटात घालणं हे एका माणसाचं काम असतं. तो माणूस चुकला तर पुढचा सगळा प्रवेश कोसळतो. काळोखात सेट बदलताना लेव्हलच्या कडांना रेडियमची पट्टी चिकटवलेली असते, कोण कोणत्या बाजूने येणार आणि कोणतं टोक उचलणार हे तालमीत मोजून घेतलेलं असतं. ब्लॅकआऊटमध्ये तोंडाने सूचना देता येत नाहीत. लाइटच्या माणसासमोर क्यूंची यादी असते आणि तो शब्द ऐकत नाही, नटाचा श्वास ऐकतो. वाक्य संपल्यावर दिवा उतरवायला घेतला तर उशीर झालेला असतो. एवढं जवळून नाटक पाहिलेला माणूस पुढे स्वतः रंगमंचावर उभा राहिला, की त्याचं उभं राहणंच वेगळं असतं.

हात कागदावर जास्त चालत असेल, तर त्याचीही नड आहे. कोणतंही नाटक करायचं तर लेखकाची लेखी परवानगी लागते आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. नवं लेखन असेल तर संहिता वेळेत पाठवणं, मंडळाने सुचवलेले बदल नोंदवणं, प्रमाणपत्राचा क्रमांक जपून ठेवणं ही कामं दिग्दर्शकावर सोडली की राहून जातात. हिशोब लिहिणाऱ्याची गरज तर त्याहून मोठी. नाट्यगृहाचं भाडं, दिव्यांचं भाडं, सेटचा टेम्पो, तालमीचा चहा: संस्था बहुतेक वेळा कलाकारांच्या भांडणापेक्षा न जुळलेल्या हिशोबामुळे मोडतात, असं माझं निरीक्षण आहे.

स्त्रियांच्या बाबतीत संस्थांना मला थेट सांगायचं आहे. पूर्वी लहान गावांतल्या मंडळांना स्त्रीभूमिकेसाठी शहरातून नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, देऊन अभिनेत्री आणावी लागे. आज गावातल्याच मुली, शिक्षिका, परिचारिका तालमीला यायला तयार असतात, आणि तरी त्या टिकत नाहीत. कारणं साधी असतात: तालीम रात्री नऊला सुरू होते आणि घरी सोडायला कुणी नसतं, तालमीच्या जागी धड स्वच्छतागृह नसतं, लहान मूल सोबत आणलं तर कपाळाला आठ्या पडतात. तालमीची वेळ दोन तास अलीकडे घेतली आणि घरी पोचवायची सोय केली, तर ‘बायका मिळत नाहीत’ ही तक्रार बऱ्याच ठिकाणी राहणार नाही. हे दिग्दर्शकाने नव्हे, संस्थेने ठरवून करायचं काम आहे.

लिहिणाऱ्यांना एक विनंती. नव्या संहितांची भूक सगळ्या संस्थांना आहे, पण टेबलावर बसून पुरं केलेलं नाटक तालमीत उतरलं की तुटतं. म्हणून महिनाभर कुणाच्या तरी तालमीत बसून राहा. प्रॉम्प्टिंग करा. नट कोणतं वाक्य पुन्हापुन्हा विसरतो, हे प्रॉम्प्टरला सर्वांत आधी कळतं, आणि सतत विसरलं जाणारं वाक्य बहुधा लिहितानाच अडखळलेलं असतं.

साठी ओलांडलेल्यांनीही मागे राहू नये. नाट्यवाचनाला खणखणीत, समजून वाचणारा आवाज लागतो, आणि जुन्या प्रयोगांची माहिती असलेला माणूस तरुण दिग्दर्शकाला पुस्तकापेक्षा जास्त देतो.

या हंगामात एवढं करा: आपल्या जवळच्या राज्य नाट्यस्पर्धेच्या केंद्राचं वेळापत्रक मिळवा, प्राथमिक फेरीची चार-पाच नाटकं तिकीट काढून बघा, आणि त्यातली जी संस्था मनापासून आवडेल तिच्या माणसाला सेट उतरत असताना गाठून विचारा, ‘पुढच्या तालमीला किती वाजता येऊ?’