जुन्या जीपला मागचा एक्सल निवडताना

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीच्या क्राउनला 39 आणि पिनियनला 8 दात, म्हणजे रेशो 4.88, सीजे-3बीचा 5.38. दौलताबादचा घाट चढायला 5.38 छान, पण जालना रोडवर इंजिन उगाच ओरडत राहतं. डिझेल इंजिन बसवणार असाल तर 4.88च शोधा.

भंगारातला एक्सल नुसता बघून घेऊ नका. एक चाक घट्ट धरून दुसरं पूर्ण दोन फेरे फिरवा, पिनियनचे फेरे मोजा, तोच रेशो. पिनियन हलवून खुळखुळाही बघा. फोर-व्हील वापरायची तर पुढचा-मागचा रेशो एकच हवा, नाहीतर ट्रान्सफर केसवर ताण येतो.

माझी पसंती एमबीच्या एक्सलला. तो फुल-फ्लोटिंग आहे. शाफ्ट तुटला तरी चाक निखळत नाही.