जलदूत एक्स्प्रेस: निवेदन काढून टाकलं तर काय दिसतं?

आज बोलूया निरीक्षणात्मक डॉक्युमेंट्रीबद्दल. म्हणजे निवेदक नाही, मुलाखती नाहीत. कॅमेरा फक्त बघत राहतो आणि अर्थ आपण लावायचा.

लांबचा रेल्वेप्रवास या प्रकाराला फार जमतो. आफ्रिकेतल्या मॉरिटानियाची लोहखनिजाची गाडी घ्या. झुएरातहून नुआदिबूपर्यंत साधारण 700 किलोमीटर वाळवंट. लोक खनिजाच्या ढिगावर बसून जातात आणि हीच गाडी वाटेवरच्या वस्त्यांना पाणीही पोचवते.

पाण्याची गाडी आपल्याकडेही धावलीय. एप्रिल 2016, मिरज ते लातूर, सुमारे 340 किलोमीटर. लातुरात तेव्हा पाणवठ्यांभोवती जमावबंदी होती. कोट्याच्या वर्कशॉपमध्ये टँकर वॅगन धुऊन आणले, मिरजेत कृष्णेचं पाणी भरलं. पहिल्या खेपेला 10 वॅगन, सुमारे 5 लाख लिटर. पुढे 50 वॅगन, 25 लाख लिटर.

बातम्यांत आपण काय पाहिलं? गर्दी, बॅनर, गाडी आली. आता हेच निवेदनाशिवाय, पूर्ण लांबीचं बघा. आधी यार्डात तासन्‌तास वॅगन भरणं. मग गाडी हलते आणि थोड्याच वेळात ढालगाव, जत रोड अशी स्टेशनं येतात. कवठेमहांकाळ, जत हा सांगलीचाच दुष्काळी पट्टा. म्हणजे पाणी तहानलेल्या भागातूनच पुढे निघून जातं! हे कुणी बोलून दाखवायची गरजच नाही, खिडकीबाहेरचं माळरान पुरेसं आहे.

बरं, कृष्णा उगम पावते साताऱ्यात, महाबळेश्वरला. त्याच जिल्ह्यातले माण-खटाव कायम टँकरकडे डोळे लावून. नदी जिल्ह्यात असणं आणि पाणी घरात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक साधा हिशेब करू. 2011च्या जनगणनेत लातूर शहर सुमारे 3.83 लाखांचं. 25 लाख लिटर वाटले तर माणशी साडेसहा लिटर. पहिल्या खेपेचं तर जेमतेम सव्वा लिटर. गाडीनं वेळ निभावली हे खरंच, पण दोन मिनिटांच्या बातमीत ती उत्तर वाटली.

म्हणून मला हा प्रकार महत्त्वाचा वाटतो. तो प्रवासाचा मधला भाग कापत नाही, आणि आपल्याकडे प्रश्न बहुतेक वेळा त्या मधल्या भागातच असतो.

तुमच्या भागातली कुठली गाडी अशी, न बोलता, शूट व्हायला हवी? नक्की कळवा.