सुई टोचा, पण आधी आजोबांचा चष्मा द्या!

खुब्याचं ऑपरेशन झकास झालं आणि दुसऱ्या रात्री आजोबा सलाईन ओढून ‘माझी गाडी चुकेल’ म्हणत पलंगावरून उतरायला लागले. घाबरू नका, वेड लागलेलं नाही. हा डेलिरियम. उतारवयात मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तो बऱ्याच जणांना गाठतो आणि बहुधा काही दिवसांत ओसरतो. फसवी असते ती गप्प आजी! निपचित पडून राहते, घरचे म्हणतात ‘छान झोपलीय’, आणि तिचा भ्रम कुणाच्या ध्यानातच येत नाही.

यावर चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चरचे बरेच प्रयोग झालेत. ठरलेल्या जागा दोन : टाळूवरचा बाईहुई आणि मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, आतल्या बाजूचा नेईग्वान. कधी सुईतून हलका विद्युतप्रवाह सोडतात, तर कधी सुईच नाही, नुसत्या चिकटपट्ट्या. काही प्रयोगांत भ्रमाचं प्रमाण घटलेलं दिसलं, पण त्यातले बरेच लहान. शिवाय सुई टोचली की नाही हे रुग्णापासून लपवायचं कसं? त्यासाठी खोटी सुई निघाली आहे. नाटकातल्या खंजिरासारखी टोचताच मुठीत शिरते!

अमेरिकेत सुईचा बोलबाला झाला तो 1971 मध्ये. पत्रकार जेम्स रेस्टन यांचं अपेंडिक्स पेकिंगमध्ये काढलं. सुया टोचून ऑपरेशन झालं ही निव्वळ दंतकथा. भूल इंजेक्शनचीच होती. सुया आल्या नंतर, पोट फुगल्यावर. उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली, मिळून तीन.

आपल्याकडे ही विद्या रुजवली डॉ. बिजयकुमार बसूंनी. 1938 मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात ते सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचे सहकारी होते.

पण माझं मत चष्म्याला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 70 वर्षांपुढच्या 852 रुग्णांवर (शस्त्रक्रियेच्या नव्हे, साध्या वॉर्डातल्या) केलेला अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. चष्मा, कानाचं मशीन, पुरेसं पाणी, रोज थोडं चालणं, आणि झोपेच्या गोळीऐवजी गरम दूध नि पाठीला मालिश. भ्रमाचं प्रमाण 15 टक्क्यांवरून 9.9 वर आलं!

सुई करून बघायचीच असेल तर आधी भूलतज्ज्ञांना विचारा. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर न विसरता सांगा.