ॲम्प्लिफायरचा 'वर्ग' परीक्षेतला नव्हे!

ग्वाल्हेर म्हटले की आपल्या भागातील संगीतप्रेमी घरांत पहिले नाव निघते ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे (१८४९-१९२६). वासुदेवबुवा जोशींकडून ग्वाल्हेरची गायकी घेऊन बुवा महाराष्ट्रात आले आणि मिरजेत त्यांच्याकडे कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. त्याच ग्वाल्हेरला २०२३ मध्ये युनेस्कोने 'संगीत नगरी' म्हणून गौरवले. तेथला तानसेन समारोह १९२४ पासूनचा. खुला, स्पष्ट आवाज ही त्या गायकीची ओळख.

आता आपल्याच घरातली मुले गिटार उचलतात. पायाशी डिजिटल प्रोसेसर येतो आणि मग प्रश्न येतो, पॉवर ॲम्प्लिफायर कोणत्या क्लासचा घ्यायचा? 'क्लास ए' म्हणजे पहिला नंबर आणि 'डी' म्हणजे काठावर पास, असा अनेकांचा समज होतो. पण ही अक्षरे गुण दाखवत नाहीत, काम करण्याची पद्धत दाखवतात.

क्लास ए मध्ये आवाज असो वा नसो, वीज सतत वाहत असते. सिग्नलला उभ्या रिक्षाचे इंजिन चालू राहावे तशी. त्यामुळे आवाज गुळगुळीत, पण उष्णता फार. क्लास बी मध्ये लाटेचा वरचा भाग एक सांभाळतो, खालचा दुसरा. मात्र काम एकाकडून दुसऱ्याकडे जाताना खरखर उमटते. दोघांनाही किंचित जागे ठेवले की झाला क्लास एबी. क्लास डी मध्ये स्विच सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो, म्हणून उष्णता कमी. यातला 'डी' डिजिटलचा नव्हे, तो केवळ 'सी' नंतरचे अक्षर.

हिशेब पाहा. शंभर वॅट आवाजासाठी नव्वद टक्के कार्यक्षम क्लास डी ॲम्प्लिफायर सुमारे १११ वॅट घेईल. साठ टक्क्यांचा एबी सुमारे १६७ घेईल, तर पंचवीस टक्क्यांचा ए तब्बल ४००. उरलेली वीज उष्णता होऊन जाते. ग्वाल्हेरच्या किंवा आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात हे जाणवणारच.

डिजिटल प्रोसेसरमध्ये जुन्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा आणि स्पीकरच्या पेटीचा स्वभाव आधीच उतरवलेला असतो. त्यावर पुन्हा स्वतःचा रंग चढवणारा ॲम्प्लिफायर जोडणे म्हणजे आमटीला दोनदा फोडणी देणे. म्हणून अशा संचासाठी आवाज जसाच्या तसा पुढे देणारा ॲम्प्लिफायर आणि सर्व स्वर सारखे देणारा स्पीकर हवा. चांगला क्लास डी किंवा एबी दोन्ही चालतील; डी हलका असल्याने बसमधून नेणाऱ्याला सोयीचा. गिटारचाच स्पीकर वापरायचा असेल तर प्रोसेसरमधली स्पीकरची नक्कल बंद करावी. मुलाला प्रोसेसर नकोच, व्हॉल्व्हचा स्वभावच हवा असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

वॅटच्या आकड्यालाही भुलू नका. वॅट दुप्पट केले तरी आवाज केवळ ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. शिवाय तो आकडा किती ओहमला दिला आहे, हे विचारा. चार ओहमचा आकडा आठ ओहमच्या स्पीकरवर सहसा मिळत नाही. ड्रमसोबत वाजवायचे तर थोडी शक्ती राखीव हवी, नाहीतर टोकाला जाताच आवाज फाटतो. घरात सरावाला मात्र कन्नडमध्ये म्हणतो तसे 'साकु' म्हणण्याइतकेच पुरे.

एक मुद्दा पालकांनी जरूर विचारात घ्यावा. एबी ॲम्प्लिफायर गावचा दुरुस्तीवालाही बहुधा दुरुस्त करू शकतो; डीमधील बारीक सर्किट बिघडले तर ते अवघड जाते. म्हणून वॉरंटी आणि जवळचे सर्व्हिस सेंटर आधी विचारा.

खरेदीला जाताना मुलाचा स्वतःचा प्रोसेसर सोबत न्या. दोन्ही ॲम्प्लिफायर सारख्याच आवाजात, डोळे मिटून ऐकायला सांगा, कारण जरा मोठा वाजणारा नेहमी चांगला वाटतो. किंमत बघायची ती त्यानंतर. शेवटी गिटार कोणाची आणि कान कोणाचा? त्याचाच निर्णय खरा. आपण हिशेब तेवढा पाहावा.