उष्टावणानंतरची वाटी

आपल्याकडे बाळाचे उष्टावण मोठ्या हौसेने होते. मामाच्या मांडीवर बाळ बसते, चांदीच्या वाटीत खीर येते, आणि सोन्याच्या अंगठीने पहिला घास बाळाच्या ओठांस लागतो. मुलाचे उष्टावण सम महिन्यात, मुलीचे विषम महिन्यात, असा दंडकही पुष्कळ घरांतून पाळतात. मुहूर्ताची एवढी काळजी वाहणाऱ्या घरांत दुसऱ्या दिवसापासून बाळाने काय खावे व किती खावे, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. चांदीची वाटी कपाटात जाते, आणि बाळाच्या वाट्यास वरणावरचे पाणी, पेजेची निवळ आणि चहात बुडविलेले बिस्कीट येते. बाळ ते आवडीने घेते, त्याचे पोट भरते, ते हसते-खेळते. तेव्हा काही चुकते आहे अशी शंकासुद्धा कुणास येत नाही. चुकते आहे ते नेमके इथेच, असे आम्हांस वाटते.

हा विषय शाळेच्या वार्षिकांकात कशाला, असे कुणी विचारील. त्याचे कारण असे की, आई कामावर गेली असता धाकट्या भावंडास भरविण्याचे काम आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांकडे, आणि खरे सांगावयाचे तर विद्यार्थिनींकडेच अधिक, येते. दुसरे कारण आमच्या गावाचेच आहे. हुबळी आणि धारवाड यांच्या मधोमध वसलेल्या या रायापुरात अक्षयपात्राचे प्रचंड स्वयंपाकघर आहे. तेथून हजारो शाळकरी मुलांचे दुपारचे जेवण रोज निघते. ही सोय उत्तमच होय. परंतु त्या ताटापर्यंत पोहोचावयास मुलाला सहा वर्षांचे व्हावे लागते, आणि शरीराचा पाया ज्या काळात घातला जातो, तो काळ तोवर मागे पडलेला असतो.

निरोगी बाळाचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते. पुन्हा आयुष्यात कधीही मनुष्य एवढ्या वेगाने वाढत नाही. मेंदूची वाढ तर दोन वर्षांपर्यंतच बहुतांशी उरकते. या काळात अन्न कमी पडले तर बाळ लगेच रोडावलेले दिसतेच असे नाही; ते उंचीने खुजे राहते, आणि घरातील माणसे ‘आमच्यात सगळेच ठेंगणे’ म्हणून समाधान मानतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील पाच वर्षांखालील दर शंभर मुलांत सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांचे आकडेही जवळजवळ तेवढेच होते. त्याच पाहणीप्रमाणे सहा महिने ते दोन वर्षे या वयातील शंभरांपैकी अवघ्या ११ बालकांस पुरेसा व चौरस आहार मिळत होता. हे केवळ दारिद्र्यामुळे घडते, असे म्हणून सुटता येत नाही, कारण सुस्थितीतील घरांतही हे प्रमाण फारसे मोठे नाही.

पहिल्या सहा महिन्यांविषयी थोडक्यात सांगतो. या काळात आईचे दूध हेच बाळाचे अन्न व हेच पाणी. आमच्याकडील उन्हाळ्यातही बाळास वरून पाणी पाजण्याची गरज नसते, कारण आईच्या दुधात शंभरात सुमारे ८७ भाग पाणीच असते. जन्मतः मध चाटविण्याची रीत तर अवश्य सोडावी. मधात क्वचित असे सूक्ष्म जंतू असतात की, ते मोठ्यांस बाधत नाहीत, परंतु वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात वाढून घातक विष निर्माण करतात.

सहा महिने पूर्ण झाले की केवळ आईचे दूध पुरेनासे होते. ते तोडावयाचे नाही; दोन वर्षांपर्यंत व पुढेही ते चालू ठेवावे, पण सोबतीस अन्न हवे. आता बाळाच्या पोटाकडे पाहा. ढोबळ मानाने, शरीराच्या दर किलो वजनास तीस ग्रॅम अन्न एका वेळी पोटात मावते. म्हणजे आठ किलोच्या बाळास एका खेपेस २४० ग्रॅम, सुमारे एक मोठी वाटी. त्याहून अधिक नाही. ही वाटी कशाने भरावयाची, हाच सारा प्रश्न आहे. वाटीभर पाण्यात दहा ग्रॅम पीठ शिजविले तर त्यातून तीस-पस्तीस कॅलरी मिळतात. त्याच वाटीत तीस ग्रॅम पीठ व चमचाभर तूप घातले तर दीडशेच्या आसपास मिळतात. पोट दोन्ही वेळा सारखेच भरते आणि बाळ दोन्ही वेळा तोंड फिरविते. नऊ महिन्यांच्या बाळास आईच्या दुधाखेरीज दिवसास सुमारे ३०० कॅलरी लागतात, वर्षानंतर सुमारे ५५०. पातळ पेजेने हा हिशेब पुरा करावयाचा म्हणजे दिवसाकाठी नऊ-दहा वाट्या झाल्या! ते कोणत्याही बाळास शक्य नाही.

आम्ही कोंकणी माणसे पेजेवर वाढलेली. उकड्या तांदळाची पेज हे आमचे अन्नही आणि औषधही. तिची निंदा आमच्याने होणार नाही. परंतु पेजेतले शित आपण खातो आणि बाळास निवळ देतो, ही वाटणी मात्र उफराटी आहे. वरणाचेही तसेच. डाळ भांड्याच्या तळाशी राहते आणि ‘बाळास पचणार नाही’ म्हणून वरचे पिवळे पाणी त्याच्या वाटीत जाते. त्या पाण्यात मीठ असते, हळद असते. डाळ जवळजवळ नसते. सहा महिन्यांच्या बाळास चांगली घोटलेली डाळ पचते. चमचा तिरपा केला असता अन्न त्यावरून ओघळू नये, इतके ते दाट असावे, ही सोपी कसोटी होय.

येथे घरातील वडीलधाऱ्या बायका एक आक्षेप घेतील, आणि तो योग्यही आहे. दाट खीर शिजविली की ती थिजते, चिकट होते, बाळाच्या घशात अडकते. म्हणून तर पाणी घालावे लागते. धान्यातील पिष्ट शिजताना पाणी पिऊन फुगते, त्याचा हा परिणाम. यावरचा उपाय आपल्याच परंपरेत आहे, आणि तो म्हणजे मोड आणणे. दाण्यास मोड येऊ लागला की त्यात एक पाचक द्रव्य तयार होते, आणि ते पिष्टाचे लांबलचक दुवे तोडते. मोडाच्या पिठाची खीर म्हणूनच दाट असूनही वाहती राहते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी गेल्या शतकाच्या नवव्या दशकात या गुणाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. त्याच सुमारास आफ्रिकेतील टांझानिया देशातही तेथील आहारतज्ज्ञांनी मोडाचे पीठ बालकांसाठी वापरात आणले.

विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. साध्या नाचणीच्या पिठाची चमचा उभा राहील अशी दाट खीर शिजवावी व दोन वाट्यांत घालावी. ती थोडी निवली, पण गरमच आहे, अशा वेळी एका वाटीत मोडाचे पीठ चहाचा एक चमचा घालून ढवळावे. पाचदहा मिनिटांत ती खीर पातळ होते. शेजारची तशीच थिजून राहते. आत गेलेले अन्न दोन्ही वाट्यांत सारखेच. बाळास द्यावयाची असेल तर पातळ झालेल्या खिरीस पुन्हा एक उकळी आणावी.

मोडाचे पीठ करावयास खर्च नाही, खटपट थोडी आहे. नाचणी निवडून, तीनचार पाण्यांनी धुवून रात्रभर भिजत घालावी. सकाळी पाणी काढून ओल्या स्वच्छ फडक्यात बांधून ठेवावी. फडके वाळू देऊ नये. एकदोन दिवसांत बारीक पांढरे मोड दिसतात. मग ती उन्हात कडकडीत वाळवावी, हाताने चोळून मोड पाखडून टाकावेत आणि दळून आणावी. भाजावयाची तर अगदी मंद आचेवर व किंचितच, कारण खरपूस भाजले की ते पाचक द्रव्य नष्ट होते. धारवाडच्या पावसात हे काम करू नये. दाणे वाळत नाहीत आणि बुरशी धरतात. वैशाखात करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, तेही थोडेच. नाचणी वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला साका वाळवून जे ‘सत्त्व’ करतात ते मऊ खरे, पण चोथ्याबरोबर नाचणीचा बराच कसही फेकला जातो. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. तांदळात तो दहा मिलिग्रॅमही क्वचितच भरतो. इतका कस असलेले धान्य गाळून टाकण्यात काय शहाणपण?

आमचा प्रांत ज्वारीचा, म्हणून एक इशारा द्यावासा वाटतो. हाच प्रयोग ज्वारीवर करू नये. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात हे शेतकऱ्यांच्या मुलांस सांगावयास नको. तेच विषारी द्रव्य ज्वारीच्या मोडांतही असते. ज्वारीचे साधे पीठ किंवा कण्या खुशाल शिजवाव्यात.

तथापि नाचणी म्हणजे अमृत नव्हे. जन्मतः बाळाने आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह अल्प असते. उपरोक्त पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभरांपैकी ६७ बालकांत रक्तक्षय आढळला, तो काही उगाच नाही. तेव्हा वाटीत धान्याबरोबर मूग वा तूर, घोटलेली पालेभाजी, आणि चमचाभर तूप किंवा तेल हवे. वर लिंबाचे चार थेंब पिळले की भाजी-डाळीतील लोह अंगी लागते. चहाने नेमके उलटे होते, म्हणून बाळास चहा कदापि देऊ नये. ज्यांच्या घरी चालते त्यांनी पूर्ण उकडलेले अंडे सहा महिन्यांपासून कुस्करून द्यावे. कारवारहून मासळी हुबळीच्या बाजारात येते. तीतील मुडदुशी आमच्याकडे लहान मुलांची व आजाऱ्यांची मासळी मानतात, कारण तिचे मांस मऊ असते. तरी काटा बोटांनी चाचपूनच भरवावे.

साखर व गूळ दोन वर्षांपर्यंत टाळावा. गोडी हवी तर पिकलेले केळे किंवा भिजविलेला खजूर कुस्करावा. मीठ वर्षाच्या आत घालूच नये. धारवाडचा पेढा आम्हांसही प्रिय आहे, पण त्याला बाळाचे दात येऊन, पडून, पुन्हा येईपर्यंत थांबावयास हरकत नाही. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे श्वासनलिकेत अडकतात. शेंगदाण्याचे बारीक कूट मात्र खिरीत उत्तम. दुधाच्या बाटलीचे बूच आणि जुन्या बोंडल्याची चोच आतून स्वच्छ होत नाही. वाटी-चमचाच बरा. बाटल्या व डब्यातील दूध यांची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, यावरून काय ते समजावे.

१९३३ साली सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरबाईंनी आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट येथे, म्हणजे आजच्या घाना देशात, बालकांच्या एका रोगाचे वर्णन केले. अंगावर सूज, केस पिंगट, स्वभाव चिडखोर. पुढे त्यांनी त्यास तेथील लोकांचेच नाव दिले, ‘क्वाशिओरकोर’. दुसरे मूल आल्यावर पहिल्यास होणारा आजार, असा त्याचा आशय. आईच्या मांडीवरून उतरविलेल्या मुलास दूध तर नाहीच, पण त्याच्या जागी कसदार अन्नही नाही! म्हणून मुलाचे ताट मोठ्यांच्या ताटातून वेगळे काढावे. एकाच ताटात सारी भावंडे बसविली की सर्वांत धाकटे उपाशी उठते आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. त्याची स्वतःची वाटी असली म्हणजे किती खाल्ले ते दिसते. आरंभी दोनतीन चमचे दोन वेळा. आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी दोनतीन वेळा. नवव्यापासून तीनचार वेळा. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी तीनचार वेळा व मध्ये एखादे फळ. नको म्हटले तर थांबावे, जबरीने कोंबू नये, आणि भरविताना हातात भ्रमणध्वनी देऊ नये.

खाणे अंगी लागते की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही, तराजू सांगतो. अंगणवाडीत महिन्याच्या महिन्यास बाळाचे वजन करून घ्यावे आणि ‘तायी कार्डा’वरील रेघ चढते आहे का, हे मोठ्या बहिणीने वा भावाने स्वतः पाहावे, आलेख वाचावयास तुम्ही गणितात शिकलाच आहात. दोन महिने रेघ आडवी राहिली तर वाट न पाहता आरोग्य केंद्रात जावे. तापात व जुलाबात बाळाचे अन्न बंद करू नये. थोडे थोडे, वारंवार द्यावे, जुलाबात जीवनजल पाजावे, आणि बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्यावे. बाळ काहीच घेईना, सुस्त पडले, किंवा रडताना डोळ्यांतून पाणी येईनासे झाले, तर त्याच घटकेस डॉक्टर गाठावा.